को ची-युआनच्या हातातली फाइल

१

मेलेला माणूस कामावर आला होता.

नव्या कोठाराची शेवटची पडताळणी करताना लायच्या ते लक्षात आलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. जुन्या कोठारात एक नोंद जास्त होती. काल दुपारी झालेली, आणि करणाऱ्याचं नाव को ची-युआन. ची-युआनला जाऊन दोन वर्षं झाली होती. त्याच्या अंत्यविधीला अख्खी टीम घरच्यांना द्यायच्या पैशांचे पांढरे लिफाफे घेऊन गेली होती, लायसुद्धा.

लाय उठला तो थेट चिन ताईंच्या टेबलापाशी गेला. श्यौ-चिन हे त्यांचं नाव, 'तू' हे आडनाव, पण ताइचुंग शहरातल्या त्या ऑफिसात मोठे साहेब सोडले तर त्यांना कोणी नावाने हाक मारत नसे. त्यांचं काम दुसऱ्यांच्या प्रोग्राममधले दोष काढायचं. "ताई सासू व्हायला निघाल्या होत्या, वाटेत चुकून नोकरी लागली," असं ची-युआन म्हणायचा, आणि ताई त्याचा पुढचा प्रोग्राम जरा जास्तच बारकाईने तपासायच्या.

कंपनी धातू कापणाऱ्या मशिनांचे प्रोग्राम लिहायची. कोणी, कधी, काय बदललं याची नोंद एका कोठारात राहायची. त्या कोठाराचा नियम जुन्या वळणाचा होता. फाइल उचलली की तिच्यापुढे तुमचं नाव लागायचं, आणि तुम्ही ती जमा करेपर्यंत दुसऱ्या कोणी तिला हात लावायचा नाही. आता कंपनी नव्या कोठारात चालली होती. तिथे ही भानगडच नव्हती. सगळ्यांनी एकाच वेळी लिहायचं आणि मग कोणाचं ठेवायचं यावर भांडायचं.

ची-युआन गेला तेव्हा एक फाइल त्याच्या हातात होती. तिच्यावरचं नाव काढणं अगदी किरकोळ काम होतं, पण ते कोणी केलं नाही. रोज सकाळी यादी उघडली की त्यात दिसायचं, को ची-युआन, काम चालू. ताई ती ओळ वाचायच्या आणि मगच चहा घ्यायच्या. आज ती ओळ नव्हती. फाइल जमा झाली होती.

ऑफिसचे प्रमुख फू साहेब आपल्या खोलीत कपाळाला हात लावून बसले होते.

"श्यौ-चिन, मला भुताखेतांच्या गोष्टी सांगू नकोस. पुढच्या आठवड्यात गिऱ्हाइकाची तपासणी आहे. मेलेल्या माणसाच्या नावावर कोणी कोड घुसवलाय हे त्यांना कळलं तर आपण संपलो."

"नोंद त्याचीच असेल तर?"

"तर संध्याकाळपर्यंत ते सिद्ध कर. जुन्या कोठाराचं मशिन आज संध्याकाळी बंद होणार. नोंद खरी निघाली तर ती नव्या कोठारात जाईल. नाहीतर मी कोठाराची परवाची, या नोंदीआधीची प्रत घेतो आणि ही नोंद मशिनबरोबर जाते. आणि ज्याने हे केलं तो घरी जातो."

ची-युआनच्या जुन्या नोंदी नव्या कोठारात जाणारच होत्या. पण ही त्याची शेवटची होती. ती खरंच त्याची असेल, तर ती कोणाला पुसू द्यायची नाही असं ताईंनी तिथे उभ्या उभ्याच ठरवलं.

"नोंदीबरोबर काय लिहिलंय?" त्यांनी बाहेर येऊन लायला विचारलं. कामाचा क्रमांक आणि काय बदललं याचा एक ओळीचा खुलासा लिहायची तिथे पद्धत होती.

लायने पडदा त्यांच्याकडे वळवला. क्रमांक नव्हता. फक्त एवढंच होतं, 'झालंय, निघतो.'

२

संशय पहिल्यांदा लायवरच जाणार हे उघड होतं. हे स्थलांतर त्याच्या गळ्यात होतं, आणि फाइलवरचं ची-युआनच्या नावाचं ते कुलूप त्याच्या डोळ्यांत खुपायचं. मागच्या महिन्यात तो सगळ्यांदेखत बोलला होता, "गेलेल्या माणसाची फाइल किती दिवस राखायची? ही काय देवघरातली पूर्वजांच्या नावाची पाटी आहे?" तेव्हा ची-युआनचा मित्र शन त्याच्या अंगावर धावून गेला होता.

"मी बोललो, ते मान्य," लाय आता म्हणाला. "पण ताई, मला ते कुलूप काढायचं असतं तर माझ्या नावाने काढलं असतं. कोठाराच्या चाव्या माझ्याकडेच आहेत. मेलेल्या माणसाचं सोंग कशाला घेऊ?"

"दुसऱ्याच्या नावाने नोंद करता येते?"

"जुन्या कोठारात पासवर्ड कुठे आहे? लॅपटॉपवर ज्याचं नाव, त्याची नोंद. ऑफिसच्या तारेला लॅपटॉप जोडला की झालं."

"म्हणजे ची-युआनचा लॅपटॉप हवा."

"तो तर शन दादाने तेव्हाच पुसून स्टोअरमध्ये दिला."

बोलत बोलत दोघं सर्व्हरच्या खोलीत आली. लायने दिवा लावला आणि तो दारातच थबकला. जुन्या मशिनच्या डोक्यावर मक्याच्या कुरकुरीत खाऊचं पाकीट होतं. तसं ते असायचंच. मशिनने शहाण्यासारखं वागावं म्हणून ते सगळ्याच मशिनांवर ठेवतात. ऑफिसात काय, बँकेत काय आणि हॉस्पिटलात काय. पण ते हिरवं असावं लागतं. हिरवं म्हणजे सगळं सुरळीत. हे पिवळं होतं.

"कोणी ठेवलं हे?" लायचा आवाज खाली आला. "पिवळं ठेवलं की मशिन रुसतं. हे कोणीतरी मुद्दाम केलंय, ताई. माझं स्थलांतर बुडवायला."

इंजिनियर होता, परदेशी जाऊन शिकून आला होता, आणि पाकिटाला हात लावायला तयार नव्हता. ताईंना हसू आलं असतं, पण त्यांचं लक्ष कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या डब्याकडे गेलं होतं. त्यात हिरवं पाकीट पडलं होतं. त्यांनी ते उचलून तारीख पाहिली. ती उलटून गेली होती.

"बदलायचं राहिलं," लाय ओशाळून म्हणाला. "म्हटलं, मशिन बंदच व्हायचंय, आता कशाला."

ताईंनी पिवळं पाकीटही पाहिलं. ते ताजं होतं.

"मशिनचं वाईट करायला आलेला माणूस शिळं पाकीट काढून ताजं ठेवत बसत नाही," त्या म्हणाल्या. "हे ज्याने केलं, त्याला मशिन अजून थोडा वेळ नीट चालायला हवं होतं. तुझ्यापेक्षा त्याला त्याची जास्त काळजी होती."

"मग पिवळं का?"

त्याचं उत्तर ताईंना मिळू लागलं होतं, आणि ते त्यांना मुळीच आवडत नव्हतं.

३

शन आणि ची-युआन लष्करातल्या सक्तीच्या नोकरीपासूनचे मित्र. एका पातेल्यातून नूडल्स खाल्लेले. ची-युआन गेल्यावर त्याचं काम शनकडे आलं, खुर्चीसुद्धा आली. लोक पाठीमागे बोलायचे की मित्र गेला आणि याची बढती झाली. शन ते ऐकायचा आणि काम करत राहायचा.

ताई त्याच्यापाशी गेल्या तेव्हा तो जेवणाचा डबा उघडून नुसता बसला होता. डुकराच्या मांसाचा तुकडा थंड पडून त्यावर चरबी धरली होती.

"काल दुपारी तू कुठे होतास?"

"सगळे होते तिथेच. खाली." काल चांद्रमासाची दुसरी तिथी होती. कंपनीच्या फाटकापुढे नेहमीसारखं टेबल मांडून भूमिदेवाला फळं, खाऊ, थंड पेयांच्या पेट्या दाखवल्या होत्या. "मी भट्टीत पूजेचे कागद जाळत होतो. तुम्हीच नाही का म्हणालात, धूर डोळ्यात जातोय, जरा सरक?"

ते खरं होतं. लाय पेट्या उचलत होता, फू साहेब सगळ्यांच्या पुढे उदबत्त्या धरून उभे होते, आणि ची-युआनची बायको रुओ-लान दर वेळेसारखी तांदळाचे लाल गोड केक घेऊन आली होती. तिने मोठी पिशवी खांद्याला लावून सगळ्यांना केक वाटले होते. ताईंनाही दोन दिले होते, एक घरी न्यायला.

"ची-युआनचा लॅपटॉप कुठे आहे, शन?"

"पुसून स्टोअरमध्ये दिला. सही आहे माझी."

"सही बघून आले मी. लॅपटॉप दिसला नाही."

शनने डब्याचं झाकण लावलं आणि रबर नीट बसवलं.

"मी केलं, ताई," तो म्हणाला. "लॅपटॉप माझ्याकडेच होता. मधे वर आलो, जमा केलं. साहेबांना सांगा. मी लिहून देतो."

४

चिन ताईंनी साहेबांना काही सांगितलं नाही. त्या आपल्या टेबलापाशी गेल्या आणि जमा झालेली ती फाइल त्यांनी तपासायला घेतली. आयुष्यभर त्यांनी तेच केलं होतं. माणसं काय म्हणतात ते नंतर, प्रोग्राम काय करतो ते आधी.

कोड ची-युआनचाच होता, यात तिळमात्र शंका नव्हती. प्रत्येक अवघड ओळीच्या वर तो एक साधं वाक्य लिहायचा, पुढे येणाऱ्याला समजावं म्हणून. दुसऱ्या कोणाला एवढा दम नव्हता. शिवाय ज्या मशिनसाठी ते लिहिलं होतं, त्याचं नवं बनणं आता थांबलं होतं, जुनी तेवढी कारखान्यांत चालत होती. ते आज कोणी नव्याने लिहिलेलं नव्हतं.

त्यांनी पडद्यावर खोटं मशिन चालवलं, पातं फिरू दिलं आणि मधेच दार उघडलं. दार उघडलं की पातं थांबलं पाहिजे, नाहीतर कामगाराचा हात जाईल. पात्याचा वेग कमी झाला, पण ते थांबलं नाही. ताईंनी कोड खाली सरकवला. 'आता पूर्ण थांबव,' एवढं वाक्य लिहिलेलं होतं आणि त्याच्याखाली कोरी जागा होती.

मग त्यांनी शनला जिन्यात बोलावलं.

"तू हे केलेलं नाहीस," त्या म्हणाल्या. "फाइल अर्धी आहे. तू एकदा नजर टाकली असतीस तर तुला ते दिसलं असतं, आणि ते जमा करायला तुझा हात धजला नसता. इथल्या कोणाचाच नसता. ज्याने जमा केली त्याला कोड वाचता येत नाही. नोंदीबरोबर कामाचा क्रमांक लिहायचा असतो हे त्याला माहीत नाही. आणि मशिनवर हिरवं ठेवायचं असतं, पिवळं नाही, हेही माहीत नाही. आपण मशिनवर पाकिटं ठेवतो एवढं फक्त त्याने पाहिलंय. म्हणून पूजेच्या टेबलावरचं हाताला लागलं ते उचलून आणलं."

शनने जिन्याचं दार लोटून घेतलं.

"लॅपटॉप रुओ-लानच्या मोठ्या पिशवीत आला. ते केक सगळ्यांना वाटून झाले तरी पिशवी जडच होती. मला वाटलं, भांडी असतील."

शन पायरीवर बसला.

"मी पुसायलाच बसलो होतो, ताई. त्यात त्यांचे फोटो होते, त्याने तिच्यासाठी गायलेली गाणी होती. बेसूर, तुम्हाला माहितीच आहे. माझं बोट चाललं नाही. मी तो तिला दिला आणि इथे खोटी सही केली." त्याने बाहीने नाक पुसलं. "मागच्या आठवड्यात मीच तिला सांगितलं की जुनं कोठार बंद होतंय, आणि ज्याच्या हातात जे आहे ते तिथेच संपणार. ती म्हणाली, त्याचं काम मी परत करते. तसंच राहिलं तर त्याचा जीव अडकून राहील. मी तिला फक्त तार कुठे लावायची आणि कोणतं बटण दाबायचं ते सांगितलं. वर थांबलो नाही. मला ते बघवलं नसतं."

"तू फाइल उघडून बघितली नाहीस?"

"दोन वर्षांत एकदाही नाही. गरजच वाटली नाही. रुओ-लान म्हणते, काम पूर्ण झालं होतं."

"तिला काय माहीत?"

"त्यानेच सांगितलं होतं तिला," शन म्हणाला. "फोनवर. निघायच्या आधी."

५

रुओ-लान दातांच्या दवाखान्यात काम करायची. ताईंना काचेतून पाहताच तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. डॉक्टरांना सांगून ती बाहेर आली आणि दोघी मागच्या गल्लीत, ठेवलेल्या स्कूटरींच्या मधे उभ्या राहिल्या.

"शनची नोकरी जाईल का?" तिने पहिलं हेच विचारलं.

"बघू. आधी मला त्या दिवसाचं सांग."

"दोंगझी होती, ताई, हिवाळ्यातला घरी एकत्र जेवायचा सण. मी गोड सुपात तांदळाच्या गोळ्या सोडल्या होत्या आणि त्या फुटायला लागल्या होत्या. मी त्याला फोनवर फोन केले. चिडले, रडले. म्हटलं, त्या मशिनशीच लग्न करायचं होतंस. शेवटी म्हणाला, झालंय, निघतो." ती थांबली. मग तिने मोठ्या रस्त्याच्या दिशेने मान हलवली. घरी येताना चौकात त्याला उडवणाऱ्या ट्रकचं तिला बोलायचं नव्हतं आणि ताईंना ऐकायचं नव्हतं. "एवढंच एक समाधान होतं मला. काम पुरं करून निघाला. डोक्याला काही ताप नव्हता. हलक्या मनाने घरी येत होता." तिने ताईंचा हात धरला. "चालतं ना ते, ताई? नीट चालतं ना?"

चिन ताईंनी आजवर चुकीच्या कामाला बरोबर म्हटलं नव्हतं. साहेबांसाठी नाही, गिऱ्हाइकासाठी नाही. इथे म्हणावं असं त्यांना फार वाटलं. शब्द जिभेवर आला. पण हो म्हटलं तर ती नोंद ठेवावी लागणार होती, आणि उद्या कुठल्या तरी कारखान्यात कोणीतरी दार उघडणार होतं.

"नाही, रुओ-लान. ते अर्धं आहे."

"असं कसं? तो म्हणाला झालंय."

"झालं नव्हतं."

रुओ-लानने हात सोडला. एक बाई स्कूटर काढायला आली, तिला वाट द्यायला दोघी भिंतीला टेकल्या. स्कूटर गेल्यावर रुओ-लान हळूच म्हणाली, "म्हणजे खोटं बोलला."

"हो. तो कधी काम अर्धं टाकून उठला नव्हता. आम्ही हसायचो त्याला. त्या दिवशी पहिल्यांदा उठला."

"माझ्यामुळे."

"तुझ्यासाठी."

"एकच आहे ते, ताई," रुओ-लान म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, तेच ताईंना जास्त लागलं.

दवाखान्यातून कोणीतरी तिला हाक मारली. तिने "आले" म्हणून सांगितलं, पण ती हलली नाही.

"काढून टाका ती नोंद," ती म्हणाली. "अर्धं काम त्याच्या नावावर लागलेलं त्याला खपलं नसतं."

"तुझी खात्री आहे? मी भांडू शकते साहेबांशी. नोंद ठेवून वर दुरुस्ती करता येते."

"आधी त्याचं चुकलेलं दिसणार, मग कोणी दुसऱ्याने नीट केलेलं. नको. काढा."

ताईंनी तिच्यासमोरच फोन लावला.

"साहेब, परवाची प्रत घ्या. ती नोंद मी तपासली. मी तिला पास करत नाही."

"आणि केलं कोणी?"

"नोंदच राहणार नसेल तर कोणी केलं याला काय अर्थ आहे?"

ची-युआनला फू साहेबांनीच नोकरीवर घेतलं होतं.

"बरं," ते म्हणाले. "शनला सांग, तोंड धुऊन कामाला लाग. मघापासून जिन्यात बसलाय. आणि तो लॅपटॉप मला परत हवाय."

ताईंनी फोन ठेवला. सगळ्यांचं भागलं होतं. लायचं स्थलांतर पार पडणार होतं, शनची नोकरी राहणार होती, गिऱ्हाइकाला काही कळणार नव्हतं. ज्याची शेवटची नोंद वाचवायला त्या सकाळपासून फिरत होत्या, त्याची नोंद त्यांनी स्वतःच्या तोंडाने पुसली होती, आणि त्याचं नाव उद्या कुठल्याच यादीत 'काम चालू' म्हणून दिसणार नव्हतं.

"फोटो काढून घेते, मग देते लॅपटॉप," रुओ-लान म्हणाली आणि दाराकडे वळली. दारावर हात ठेवून ती थांबली. ताईंकडे न बघता तिने विचारलं, "किती काम उरलं होतं त्याचं? मी फोन केले नसते, त्याला पुरं करू दिलं असतं, तर अजून किती वेळ थांबला असता?"

ताईंना ती कोरी जागा माहीत होती. सगळं अवघड लिहून झालं होतं. तिथे लिहायच्या ओळी ची-युआनने चहा थंड व्हायच्या आत लिहिल्या असत्या. तेवढ्यात तो ट्रक चौक ओलांडून कुठल्या कुठे गेला असता.

"खूप उरलं होतं," चिन ताई म्हणाल्या. "रात्रभर बसला असता तरी झालं नसतं. सण होता, तू बोलावलंस किंवा नसतंस बोलावलं, त्याला ते तसंच टाकून तेव्हाच निघावं लागलं असतं."

रुओ-लानने मान हलवली. मग तिला रडू आलं, आणि ताईंनी तिला जवळ घेतलं.